पिवळ्या रंगातलं दुकान

बसच्या रांगेत माझ्यापुढे बूट शिवणारे एक कारागीर, शेजारी फाइल घेतलेली त्यांची लेक.

“शेजारच्या देशांशी व्यापार खुला झाला तर कुठल्या धंद्याला किती धोका, ते मी सरकारी अहवालात रंगांनी दाखवलंय, बाबा. लाल म्हणजे मोठा. पिवळा म्हणजे सोसण्यासारखा.”

“आणि हाताने शिवलेले बूट?”

“पिवळे.”

“सोसायचं कुणी?”

“देशानं... बाबा, लाल करू? फाइल अजून साहेबांना दिली नाहीये.”

“आकडे काय म्हणतात?”

“पिवळंच.”

“मग राहू दे. माप घेताना मी कधी गिऱ्हाइकाचं तोंड बघितलंय?”

“पण आपलं दुकान?”

“बघू. तुझ्या चपलेचा पट्टा सुटलाय. काढ, दाभण खिशातच आहे.”

“इथे?”

“खांद्याला धर माझ्या. लहानपणी धरायचीस तशी.”

“बाबा, बस आली.”

“जाऊ दे. टाका अर्धा सोडत नाही मी.”