निंबाआप्पांचं रडू

प्रमिलाबाई – तू मेडिकलच्या दुकानात कामाला ना, हर्षदा? मग ती जुनी गोळी आणून दे. तुझे आप्पा सकाळपासून रडून राहिले. गॅलरीत जमिनीवर बसलेत. सगळी गोडादऱ्याची वस्ती पाहून राहिली.

हर्षदा – माय, त्यासाठी मला भेस्तानहून बोलावलंस? नाही देणार मी.

प्रमिलाबाई – त्या गोळीनंच तर माणूस ताळ्यावर आला व्हता.

हर्षदा – आपल्या चेतनची तेरवी झाली नि कारखान्याच्या शेठनं आप्पांना त्या तपासणीच्या शिबिराला धाडलं. तू होतीस ना सोबत?

प्रमिलाबाई – व्हते. शेठच्या लूमच्या कारखान्यामागच्या हॉलमध्ये. औषधाच्या कंपनीचा मोठा बॅनर लावलेला, हसऱ्या बाईचा फोटो. डॉक्टरनं विचारलं, झोप येते का, भूक लागते का, कामात जीव लागतो का. हे सगळ्याले नही म्हणाले. लगेच गोळी लिहून दिली.

हर्षदा – घरात कोणी गेलं का, हे विचारलं?

प्रमिलाबाई – नही. मागं रांग व्हती.

हर्षदा – पोटचा पोरगा हजीऱ्याला कामावर क्रेनखाली गेलेला, झोप कुठून येणार? मग एका गोळीच्या तीन झाल्या. कंपनीचा माणूस नवीन गोळी घेऊन त्या डॉक्टरकडे जाऊन आला, की आमच्या दुकानात तिच्याच चिठ्ठ्या येतात. दुबईला फिरवून आणलं कंपनीनं त्या डॉक्टरला. आप्पांच्या चिठ्ठीत ती गोळी तेव्हाच शिरली.

प्रमिलाबाई – पण कामावर जाऊ लागले ना? शेठ म्हणे, निंबा एकदम सारो थई गयो, पार बरा झाला.

हर्षदा – शेठला लूम चालायला पाहिजे होते.

प्रमिलाबाई – माले नको सांगू. वर्षश्राद्धाला अख्खी भावकी डोळे पुसत व्हती, अन् हे खाली मान घालून वरण मागून मागून जेवत व्हते. त्या दिवसापासून मी बोलणं टाकलं. म्हटलं, हा बाप नही, दगड आहे.

हर्षदा – दगड नव्हते गं. मला म्हणाले होते, ‘हर्षे, आत कापूस भरल्यावानी वाटतं. पोरगा आठवतो, पण रडू येत नही. तुझ्या मायले कसं सांगू?’

प्रमिलाबाई – माले कधी बोलले नही ते.

हर्षदा – तू बोलत होतीस का त्यांच्याशी?

(गॅलरीतून हुंदके ऐकू येत राहतात.)

प्रमिलाबाई – मग त्या गोळ्या वाईटच म्हणायच्या?

हर्षदा – तसं नाही. ज्याला लागतात त्याला लागतातच. शेजारची स्वप्ना बाळंतपणानंतर भिंतीकडे तोंड करून पडून असायची, ती गोळीनंच उठली. पण नंतर मी आप्पांना सरकारी दवाखान्यात नेलं, तर तिथल्या डॉक्टरीणबाई पहिल्याच दिवशी त्यांना चेतनबद्दल विचारत बसल्या. कसा होता, काय खायचा. मग गोळ्या हळूहळू उतरवल्या, एकदम नाही. म्हणाल्या, आता रडू येईल, तेव्हा एकटं सोडू नका. फारच वाटलं तर लगेच घेऊन या.

प्रमिलाबाई – आत्ता येऊन राहिलं त्यांले रडू. भावकी आली, रडली, आपापल्या घरी गेली. माझं बी रडून आटलं. आता कोण बसंल गं त्यांच्यापाशी?

हर्षदा – मी भात टाकते. तू जा.

प्रमिलाबाई – काय बोलू त्यांच्याशी? सवय राहिली नही.

हर्षदा – नको बोलू काही. नुसती बस.

(प्रमिलाबाई गॅलरीत जातात.)

निंबाआप्पा – कोण? प्रमिला? ... आपला चेतन गेला गं.

प्रमिलाबाई – हो. जरा सरका. माले बसू द्या.