बाबांच्या गिटारीला भोकं

नव्या खुंट्या बसवून घ्यायला अ‍ॅल्विन आपली जुनी गिटार घेऊन नॅशव्हिलच्या त्या दुरुस्तीच्या दुकानात बसला होता. शेजारी बहीण-भावाची जुंपली होती.

“रॉइस, खुंट्या का बदलल्यास?”

“सूर उतरत होता, ताई.”

“आणि आता?”

“आताही उतरतो.”

“उतरणारच. तारा अडकत होत्या वरच्या खाचेत. तिथे जरा पेन्सिलीचं शिसं घासलं असतं तरी तारा सुळसुळीत सरकल्या असत्या. तू लाकडाला भोकं पाडलीस.”

“सगळेच पाडतात.”

“सगळे बेसूरही वाजवतात. आणि आवाज पकडणारे ते जुने पिकअप कुठेत?”

“ते गुणगुणायचे. नवे अगदी शांत आहेत.”

“मढंही शांतच असतं. बाबांच्या गिटारीचा तो खणखणीत आवाज ऐकायला लोक यायचे. आता ती उशीत तोंड खुपसून बोलते.”

“शनिवारी स्टेजवर ऐक तरी.”

“शनिवारी तुझ्या जागी डेल वाजवणार आहे. कालच सांगितलंय त्याला.”

“डेल? त्याला धड चार गाणी येत नाहीत.”

“नाही येत. पण त्याच्या घरी ड्रिल नाही.”

इतक्यात काउंटरवरून अ‍ॅल्विनला हाक आली.

“बोला, काय करायचंय?”

“काही नाही,” अ‍ॅल्विन म्हणाला, “नुसत्या तारा बदलायच्यात.”