वामनरावांची शेवटची प्लेट

मंडळी, आज इथे जमलेल्या बहुतेकांना वामनराव मोघे विमा कंपनीतले साहेब म्हणून ठाऊक होते. होते, हा शब्दच अजून जिभेवर बसत नाही. कुमुदताई, तुम्ही समोर बसला आहात. जे झालं ते जसंच्या तसं सांगा, असं तुम्हीच मला बजावलंत. म्हणून उभी राहिले.

मी मुलींच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवते. जयपूर राजस्थानची राजधानी होऊन फार वर्षं झाली नव्हती, तेव्हा वामनराव पत्नीसह इथे बदलून आले आणि एका संध्याकाळी काळवंडलेला पत्रा घेऊन माझ्या दारात उभे राहिले. त्यांना डॅगेरोटाइप काढायचा होता. ही फोटोची फार जुनी रीत. तांब्याच्या पत्र्यावर, म्हणजे प्लेटवर, चांदीचा मुलामा, तो आरशासारखा घासायचा, आयोडीनची वाफ द्यायची, कॅमेऱ्यात घालायचा, समोरच्या माणसानं काही मिनिटं जराही हलायचं नाही, आणि मग पत्रा तापलेल्या पाऱ्याच्या वाफेवर धरायचा. चित्र तिथे उमटतं.

त्यांचं उमटत नव्हतं. आधी सगळं धुरकट. बोटांचं तेल पत्र्याला लागत होतं. मग ओरखडे. लूच्या गरम वाऱ्याबरोबर आलेली रेती घासायच्या मखमलीत बसत होती. मग पांढरे ठिपके. पारा जास्त तापत होता. एकेक दोष आम्ही शोधून काढला. पाऱ्याची वाफ विषारी, खिडक्या उघड्या ठेवा, हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ते हो म्हणत. आणि धूळ येते म्हणून खिडकी लावून घेत.

कुमुदताईंचं चित्र सुरेख आलं. साडीच्या काठाचा धागा न् धागा दिसत होता. मग वामनराव स्वतः बसले. खुर्ची आली. भिंत आली. भिंतीवरचा खिळासुद्धा आला. माणसाच्या जागी नुसती वाफ.

भिंग बदललं. चांदी बदलली. त्याच खुर्चीत, त्याच उजेडात मी बसले. मी स्पष्ट आले. ते बसले, पुन्हा वाफ. दर वेळी आधीपेक्षा विरळ. कुमुदताईंनी ती चित्रं बघणंच सोडलं.

एकदा चहा घेताना त्यांची कपबशी वाजत होती. मी त्यांच्या बोटांकडे पाहिलं आणि म्हटलं, "वामनराव, दोष प्लेटमध्ये नाही. पारा तुमच्या अंगात गेलाय." त्यांनी कप खाली ठेवला. बशी वाजायची थांबली. हात थांबला नाही.

डॉक्टरांनीही तेच सांगितलं. पाऱ्याची बाटली माझ्या प्रयोगशाळेत आली. पण अंगातला कंप गेला नाही. झोपेतसुद्धा हात हलतात, असं कुमुदताई सांगत.

या हिवाळ्यात त्यांनी एकच मागणं केलं. शेवटची एक प्लेट. पाऱ्याचं काम मी शाळेत करायचं, त्यांनी फक्त बसायचं. गच्चीवर छान ऊन होतं. कुमुदताईंनी भिंगावरची टोपी काढली, वेळ भरल्यावर लावली आणि झालं, उठा आता, म्हणाल्या.

ते उठले नाहीत.

दुसऱ्या दिवशी कुमुदताईंनी प्लेटची बंद पेटी माझ्याकडे पाठवली. ती उघडायला मी धजत नव्हते. शेवटी पाऱ्यावर धरली. आधी खुर्ची आली. मग, मंडळी, वामनराव आले. डोळे. मिशी. मांडीवरची दहाही बोटं. कुठलीच रेघ हललेली नव्हती.

टोपी काढली तेव्हा ते होते का? लावली तेव्हा होते का? मला रसायनशास्त्र येतं. याचं उत्तर मला येत नाही.

मी ती प्लेट कुमुदताईंच्या हातात दिली. ही चित्रं आरशासारखी असतात. तिरकी धरली की चित्र जातं आणि बघणारा दिसतो. त्यांनी ती हळूहळू फिरवली. ते दिसले, मग त्या दिसल्या, मग पुन्हा ते. प्लेट तशीच धरून म्हणाल्या, "आमचा दोघांचा फोटो कधी काढलाच नव्हता."

ती प्लेट त्यांनी इथे मांडू दिली नाही. ती त्यांचीच आहे.

आता आपण सारे उभे राहू या. थोडा वेळ कुणी काही बोलू नये.

वामनराव, नमस्कार करते.