बाप्पाला ताप आला ते वर्ष

माझं माहेर रोह्याकडचं, वरसे गावाच्या पलीकडं आमचं गाव, भात आणि भातामागून वाल, बाकी काय नाय. रंगाचा नि माझा संबंध म्हणाल तर अंगण सारवलं की कडेला गेरू लावायचा, एवढाच. लगीन होऊन पेणजवळच्या जोह्याला आले, उंबऱ्यात पाय ठेवला नि बघते तर सगळीकडं गणपती, ओटीवर गणपती, माळ्यावर गणपती, चुलीमागं फळीवर सोंडा वाळत घातलेल्या, मी मनात म्हटलं बाई, हितं माणसांनी झोपायचं तरी कुठं. मालती माझं नाव, पण आता कोणी त्या नावानं हाक मारत नाय, सगळ्या गावाची मी वाटीवाली काकी. ती वाटी कसली ते सांगते, त्या वाटीपायीच तर एवढं सगळं झालं.

आमच्या कारखान्यात गणपतीच्या अंगाचा रंग एकाच माणसानं कालवायचा, ही माझ्या सासूची रीत. मुकुट कोणीपण रंगवा, पीतांबर कोणीपण, पण अंगाचा रंग एकाच हाताचा. सासूकडं कांशाची एक वाटी होती, आधी त्या वाटीत थोडा कालवायचा, जमला की मग बालदीत. मला ती वाटी द्यायला सासूनं आठ वर्षं लावली, काय सांगू तुमाला, आठ वर्षं मी नुसते उंदीर रंगवले. दुसरी रीत अशी की दर साली एक शाडूचा हात करायचा, आपल्या करंगळीएवढा, त्याला त्या सालचा रंग लावायचा नि सुतळीला बांधून ठेवायचा. अशी हातांची माळच हाय आमच्याकडं, सासूचे हात वरती, माझे खाली. पाहुणे आले की भितात, म्हणतात हे काय गो, पण आमची वही तीच. गिऱ्हाईक लांबनं बघून सांगायचं की हा गणपती यांच्याकडचा, कारण अंगाचा रंग. तान्हं मूल आंघोळ घालून उन्हात धरलं की दिसतं ना, तसा. कालवायची मी पडवीत बसून, पूर्वेचं ऊन यायचं तिथं, नि डोळ्यांची आखणी पण मीच करायची. पंचवीस वर्षं असंच चाललेलं, कोणाला काय अडचण नव्हती.

मग आमच्या प्रमोदला कारखाना वाढवायचा झाला. माझा लेक, वाईट नाय तो, पण एकदा डोक्यात शिरलं की ऐकत नाय, बापावर गेलाय. अंगणावर पत्र्याची शेड टाकली, पाऊस आत येतो म्हणून बाजूनं निळी ताडपत्री, पडवीतलं ऊन बंद. मी म्हटलं अरे मी बघू कशात, तर म्हणतो आये, एलईडी लावतो ना, दिवसासारखा उजेड पडंल बघ. नि लावले, पांढरेफेक लाइट, बाजारातनं आणले ढिगानं. उजेड काय कमी नव्हता, खोटं कशाला बोलू, जमिनीवर पडलेली सुई दिसायची. त्या शेडमधी मी वाटी घेऊन बसले. नेहमीचा लाल घातला तर रंग मरगळलेला दिसे. आणखी लाल घातला, तरी मरगळलेला. माळेतला माझा जुना हात काढून शेजारी धरला, तर तो पण राखेसारखा. आता कोणालाही कळलं असतं की काय तरी बिघडलंय, पण मी काय म्हटलं, म्हटलं जुने रंग ते, उडाले असतील. पंचवीस वर्षांचे सगळे हात एकदम उडाले असतील! माझंच डोकं आपटून घ्यावंसं वाटतं आता. मग मी हाताकडं बघायचं सोडलं नि मनात होता तसा दिसेपर्यंत लाल घालत गेले.

रंगवलेले गणपती प्लास्टिकात गुंडाळून टेम्पोत, टेम्पोतनं पेणला आमच्या दुकानात, नि दुकानात पण प्रमोदनं तेच लाइट लावलेले, तर तिथं पण कोणाला काय दिसलं नाय. दिसलं ते लोकांच्या घरी. एक बाई गणपती घेऊन परत आली, तिनं तो घराबाहेरच्या ओट्यावर, उन्हात उघडला होता, म्हणते अहो बाप्पाला ताप आलाय का, कानापासनं पायापर्यंत लाल झालाय. मग दुसरा एक जण आला, मग तिसऱ्याचा फोन. पेणच्या बाजारात लोक प्रमोदला विचारायला लागले, काय रे, बाप्पा बरा हाय का आता. हसायचे मेले, नि तो घरी येऊन माझ्यावर फुगायचा.

सगळ्यांनी एकच ठरवलं, की माझे डोळे गेले. आदल्याच साली मोतीबिंदू काढलेला, मग काय, आयतंच कारण. डाक्टरकडं नेलं, डाक्टरनं दिवे मारून बघितलं, अक्षरं वाचायला लावली, म्हणाला काकी, डोळे छान हायत. प्रमोद बाहेर येऊन म्हणतो डाक्टरला रंगातलं काय कळतं. बरं, मग नेलंस कशाला? जाऊबाई सांगून गेली की वय झालं की जिभेची चव जाते तसा डोळ्याचा रंग जातो. मी कधी मागितलं होतं का तिला ज्ञान? नि एक दिवस जेवताना प्रमोद खाली मान घालून बोलला, आये, पुढच्या सालापास्नं वाटी सुवर्णाकडं दे. सुवर्णा म्हणजे सून, ती भाकरी वाढत होती, तिथंच थांबली.  मला त्या रात्रीचं जेवण गेलं नाय, ती वाटी गेली तर मी त्या घरात नुसती बसून खाणारी म्हातारी, दुसरं काय.

पुढचं साल लागलं. म्हटलं अजून माझ्याकडून कोणी हिसकावून घेतलेली नाय, एक शेवटची बालदी कालवली, पहिला माल पेणला गेला. त्याच वेळी प्रमोदनं दुकान नवीन करायला काढलं नि लाइट लावायला रोह्याचा नझीरभाय आला. नझीर म्हणजे माझ्या माहेरचा, त्यांचं शेत आमच्या शेताच्या बांधाला, लहानपणी एकत्र वाल सोलले आम्ही. पुढं आखातात गेला, तिकडं सोन्याच्या नि कपड्याच्या मोठमोठ्या दुकानांत लाइट लावण्यात त्याची बावीस वर्षं गेली, आता परत येऊन तेच काम करतो. मी पण त्या दिवशी दुकानात होते, त्यानं त्याचे लाइट लावले, बटण दाबलं, नि फळीवरचे सगळे गणपती एका झटक्यात लालेलाल. ओळीनं तापले. प्रमोद माझ्याकडं बघतो नि चार माणसांत बोलतो, बघ, बघ आता तूच.

मला जमीन फाटली तर बरं असं झालं. पण नझीर गणपतींकडं बघत नव्हता, तो पहिल्या, काढून ठेवलेल्या लाइटकडं बघत होता. म्हणाला बाय, तू रंग कशाखाली कालवतेस? हेच लाइट हायत काय तिथं? मी म्हटलं व्हय. तर कपाळावर हात मारून म्हणतो, अरे प्रमोद, तू आयशीला डाक्टरकडं नेलंस, लाइटला कोण नेणार?

दुसऱ्या दिवशी तो जोह्याला आला, पेटीत दोन दिवे घेऊन. मला म्हणाला बाय, हात पुढं कर. शेडमधल्या लाइटखाली माझा हात बघितला, मेलेल्या बाईचा वाटावा असा. मग त्यानं त्याचा दिवा लावला, नि माझा हात जिता झाला हो, शिरा दिसल्या, हळदीचा डाग दिसला. मग माळ आणून धरली त्याखाली. सासूचे हात, माझे हात, सगळे जसेच्या तसे, गेल्या सालचा एक तेवढा लाल, बाकी एकाचा पण रंग उडालेला नाय. नझीरनं सांगितलं, उजेड किती ते वॅटवर कळतं, पण उजेड खरा किती त्याचा आकडा निराळा, सीआरआय म्हणतात, शंभरपैकी असतो, नि त्यात लालाचा आकडा परत वेगळा बघायला लागतो, स्वस्तातल्या दिव्यात लालच नसतो, मग दिसणार कुठनं. तिकडं मटणाच्या दुकानात पण हा आकडा विचारतात, म्हणाला, नि हितं देव रंगवता तर कोणी विचारत नाय.

आता तुमाला वाटंल झालं, सुटला प्रश्न. कसला सुटतोय! प्रमोद म्हणतो नझीरभाय, हे दिवे महाग, दुकानात ठेवू, तिथं गिऱ्हाईक येतं, शेडमधी कोण बघायला येतंय. शेडमधी कोण बघतंय! अरे मी बघते ना! चार दिवस हेच, मी सांगते, तो हिशोब सांगतो, मी परत सांगते, तो फोन उचलून बाहेर जातो. पाचव्या दिवशी मी वाटी उचलली, रंगाचे डबे टोपलीत घातले नि नाक्यावर एसटीच्या थांब्यात जाऊन बसले. तिथं उजेड देवाचा. बाकड्यावर वाटी मांडून कालवायला लागले. पेणची गाडी आली, कंडक्टर म्हणतो काकी, चढायचंय? म्हटलं नाय रे बाबा, आमच्या घरात उजेड नाय म्हणून आले. अख्खी गाडी खिडकीतनं बघते. दुसऱ्या दिवशी परत. जाऊबाई तोंडाला पदर लावून गेली. तिसऱ्या दिवशी प्रमोद स्वतः आला, टोपली उचलली नि म्हणाला, चल आये, लावला तुझा दिवा.

त्या दिव्याखाली पहिली वाटी कालवली, नवीन हाताला लावली, माळेशेजारी धरली. सासूचा नि माझा रंग एक. प्रमोदनं बघितलं, मान हलवली, वाटीचं पुन्हा नाव काढलं नाय. माफी बिफी मागेल असं समजू नका, दुसऱ्या दिवशी पेणहून माझ्यासाठी जिलबी आणली नि फळीवर ठेवून गेला, तीच काय ती.

पण दिवा कोणाचा सगा नसतो, बघा. आखणीला बसायचं म्हणून मी गेल्या सालचा एक राहिलेला गणपती समोर घेतला, नमुना म्हणून. माझ्या आखणीचा काळा कोरा नसतो, त्यात मी लालाचा एक थेंब घालते, नुसत्या काळ्यानं नजर कडक होते. आतापर्यंत त्या पांढऱ्या लाइटखाली काळा तो काळा. नव्या दिव्याखाली बघते तर पापणीवर दोन काळे. खाली माझा, जरासा तांबूस, कापत कापत गेलेला, नि त्याच्यावर दुसरा, बाटलीतला कोरा काळा, सरळ, बारीक, एका श्वासात ओढलेला. दुसरा गणपती घेतला, तसंच. तिसरा, तसंच. घरात आणखी कुंचला धरणारं कोण हाय? एकच.

मला इतका राग आला म्हणून सांगू. हाक मारली, सुवर्णे, हे काय गो? ती पदर पिळत उभी. कधीपास्नं, तर म्हणते शेड झाली त्या सालापास्नं. म्हटलं सगळे माझे डोळे गेले म्हणून ओरडत होते, तेव्हा तुझ्या तोंडात काय होतं? तर हळूच म्हणते, आई, डोळे नव्हतेच गेले तुमचे, हात थरथरतो, ते तेव्हा सांगितलं असतं तर आखणी गेलीच असती, वाटी पण त्याच दिवशी काढून घेतली असती त्यांनी.

 भांडायला पण जागा ठेवली नाय पोरीनं. माझा बारीक कुंचला धुतला, तिच्या हातात दिला. आता वाटी माझी नि आखणी तिची, असं चाललंय आमचं. शेडमधले बाकीचे लाइट अजून तेच हायत, प्रमोद बदलीन बदलीन म्हणतो. नि लोक गणपती घरी नेऊन त्याच्यावर हिरवी निळी माळ सोडतात, भगभग करणारी, माझा रंग कोण बघतंय तिथं! असू दे. सुवर्णा डोळे आखायला बसली की मी शेजारी बसते, बोलत नाय, एकच सांगते, आज पण सांगितलं. काळ्यात लालाचा थेंब घाल गो, म्हणजे त्याची नजर मऊ राहील.