डबीचं दुसरं भोक

...आणि वर मला विचारतात, "जावईबापू, करंगळी कुठे आहे?" आता काय सांगायचं! करंगळी हाताला आहे, हात गिटारवर आहे, गिटार माझ्या गळ्यात आहे, आणि माझ्या कमरेच्या डबीतून निघालेली वायर थेट तुमच्या कानात आहे! हसू नका. सासरे सगळ्यांनाच असतात हो. पेपर वाचतात, चहा पितात, चष्मा शोधतात. पण कमरेला बांधलेले सासरे पाहिलेत कुणी? मला होते! कशामुळे? त्या डबीला दोन भोकं होती म्हणून!

थांबा, पहिल्यापासून सांगतो... बघा! बघा, मीसुद्धा 'पहिल्यापासून' म्हणायला लागलो.

तर इलेक्ट्रिक गिटार. तुम्हाला सांगतो, ही अशी वस्तू आहे की स्पीकरला जोडली तर बिल्डिंग हलते आणि नाही जोडली तर रबरबँड ओढल्यासारखं टिंग टिंग. मधलं काही नाही. मी आपला स्पीकर लावून वाजवायचो. खालच्या काकू झाडूच्या दांड्याने छत ठोकायच्या... ठोकायला माझी हरकत नव्हती, पण ठेक्यात तरी ठोका! शेवटी बायको म्हणाली, "या घरात एक तर तो स्पीकर राहील, नाहीतर मी." मी जरासा विचारात पडलो. जरासाच! तेवढ्यावरून आठवडाभर अबोला.

मग गेलो जुन्या वाद्यांच्या दुकानात. दुकानदाराने कपाटाच्या तळातून एक डबी काढली, फुंकर मारून माझ्या डोळ्यांत धूळ उडवली आणि म्हणाला, "साहेब, गिटारचा हेडफोन अँप. अस्सल जुना माल. अशी वस्तू आता बनत नाही." आता का बनत नाही, हे मी तिथल्या तिथे विचारायला हवं होतं की नाही? पण माझा जीव जडला. दोन साबणाच्या वड्यांएवढी काळी डबी, पट्ट्याला अडकवायची, एकीकडून गिटारची वायर आत, दुसरीकडून हेडफोन बाहेर. खटका सरकवला आणि... अहाहा! घरच्यांना टिंग टिंग, आणि माझ्या कानात अख्खं मैदान दुमदुमतंय! त्या जुन्या हेडफोनचा स्पंज झडून कानात काळा भुगा पडायचा. पडू दे!

कारण मी काय काम करतो माहितीये? बिलाच्या ऑफिसात तक्रार-खिडकीवर बसतो. दिवसभर समोर तोंडं येतात. "हे चुकलंय!" "तुमचं मीटर चुकलंय!" "तुमचं नावच चुकलंय!" अहो, माझं नाव मी कसं चुकवीन? पण चुकलं. तर संध्याकाळचा तो एक तास, दिवसभरातला एकच असा, की 'चुकलं' हा शब्द माझ्या कानावर पडत नसे. मी चुकायचो, भरपूर चुकायचो, पण ते मला आणि डबीला ठाऊक. एवढंच मागितलं होतं मी आयुष्याकडे. एक तास!

पण हेडफोनच्या भोकाशेजारी तसंच दुसरं भोक होतं.

त्याच सुमारास सासूबाई गेल्या आणि सासरे आमच्याकडे राहायला आले. सासऱ्यांनी जन्मभर टायपिंग आणि शॉर्टहँडचा क्लास चालवला. माणूस करारी, पण आता एकदम गप्प. जेवायला वाढलं तर जेवायचे, झोपा म्हटलं तर झोपायचे, बाकी खुर्चीत बसून भिंतीकडे बघायचे. बायको रोज माझ्याजवळ रडायची, "अरे, बाबा एक शब्द बोलत नाहीत रे." मला वाईट वाटायचं. खरंच वाटायचं. आणि एका संध्याकाळी मी डोळे मिटून वाजवतोय, तर कमरेला काहीतरी टोचलं. बघतो तो सासरे! चष्मा लावलाय, वाकलेत, आणि डबीत बोट घालून विचारतात, "जावईबापू, हे दुसरं कशाला?"

बायको हातात उलथनं घेऊन धावत आली. "बाबा बोलले! अरे, बाबा बोलले!" आणि रडायला लागली. मीही भावनेच्या भरात बोलून गेलो, "बाबा, ते दुसऱ्याला ऐकायचं असेल तर." वैऱ्यावरसुद्धा असली वेळ येऊ नये, पण मी ती स्वतःच्या तोंडाने आणली! सासरे उठले, आपली ट्रंक उघडली आणि क्लासमधला हेडफोन काढला. डिक्टेशनच्या टेप ऐकायला पोरांना द्यायचे तो, हा एवढा मोठा, विमान चालवायचं असल्यासारखा. पिन नेमकी बसली! तुम्हीच सांगा, न बसायला काय झालं होतं तिला?

झालं! त्या दिवसापासून माझी बॅच सुरू. एका डबीला आम्ही दोघं, वायरी आखूड, त्यामुळे डोक्याला डोकं. मी सुरुवात करतो न करतो तोच, "चुकलं." मी म्हणतो, "बाबा, ते तसंच असतं." "असत नाही. मघाशी वेगळं होतं. खाडाखोड चालणार नाही, जावईबापू. पहिल्यापासून." बरं, सुरांचा गंध नाही हो त्यांना! त्यांचं सगळं लक्ष बोटांत. "करंगळी नुसती हवेत काय करतेय? तिला पगारी रजा दिलीय का?" आणि सगळं अहो-जाहो! 'जावईबापू' म्हणून माणूस डोक्यावर मिऱ्या वाटतो, तेव्हा उलट बोलायची सोय राहते का? मी बायकोला म्हटलं, "अगं, आठवड्यातून एक दिवस तरी..." ती म्हणाली, "नाही म्हणशील तू त्यांना? म्हणून दाखव." कशाला दाखवतोय! दिवसा खिडकीत चुकलं, संध्याकाळी कानात चुकलं. पळणार कुठे? कमरेला वायर!

आणि मग आला तो कुरिअरवाला. बेल वाजली. एरवी आम्ही जोडीने उठायचो, बैलजोडीसारखे, सवय झाली होती. पण त्या दिवशी मी निघालो टेबलाच्या या बाजूने, आणि सासरे निघाले त्या बाजूने. मध्ये टेबल! वायर ताणली, मी ओरडलो, "बाबा, थांबा!" त्यांना वाटलं मी कुरिअरवाल्याला सांगतोय, ते आणखी भरभर चालले... आणि डबी माझ्या पट्ट्यावरून सुटली, टेबलावरून गेली आणि धाडकन फरशीवर! कुरिअरवाला दारात उभा. म्हणतो, "सही कोण करणार?"

डबी घेऊन दुकानात पळालो. दुकानदाराने उघडली, हुंगली, म्हणाला, "साहेब, डबी वाचली. पण दुसरं भोक गेलं. त्याचा पार्ट मिळत नाही."

काय सांगू तुम्हाला! मला त्याच्या गळ्यात पडावंसं वाटलं. तो बिचारा म्हणतोय, "ही बघा, एकाच्या दोन करणारी वायर आहे. या जाड पिनेची एवढी एकच उरलीय, नेऊन ठेवा." मी म्हटलं, "अजिबात नको!" इतक्या जोरात म्हटलं की तो दचकला. मग मी रस्ताभर पडलेल्या चेहऱ्याची प्रॅक्टिस करत घरी आलो.

सासरे आधीच खुर्चीत. भांग पाडलेला, मांडीवर तो हेडफोन, फडक्याने पुसलेला. मी म्हटलं, "बाबा, वाईट झालं. एकच भोक उरलं." त्यांनी मांडीवरचा हेडफोन उचलला. मग म्हणाले, "असू दे, जावईबापू. वस्तू तुमची. तुम्ही वाजवा, मी नुसता बसतो." आणि हेडफोनची वायर गुंडाळायला लागले. सावकाश, नीट. आणि गुंडाळता गुंडाळता सहज बोलावं तसं म्हणाले, "क्लास घरातच होता ना आमचा. मी हजेरी घ्यायचो, कागद द्यायचो. पण चूक मला कधी ऐकू यायची नाही. ती स्वयंपाकघरातून ओरडायची, अहो, कोपऱ्यातल्या मशीनवरचा परत चुकला! जाऊन बघावं तर खरंच चुकलेला असायचा. आता 'चुकलं' म्हटलं ना, की तीच आतून बोलल्यासारखी वाटते."

आता सांगा! काय करायचं माणसाने? तक्रार-खिडकीवर इतकी वर्षं बसलोय, अशी तक्रार नव्हती आली. मी ती वायर त्यांच्या हातून घेतली, उलगडली आणि उरलेल्या भोकात त्यांची पिन लावली. मान फिरवून खटका सरकवला आणि वाजवायला लागलो.

तेव्हापासून हे असंच चाललंय. अख्खं मैदान त्यांच्या कानात दुमदुमतं, आणि मला टिंग टिंग. मी काय वाजवतो ते मलाच कळत नाही! ते डोळे मिटून डोलतात, बायको दारातून त्यांच्याकडे बघून डोळे पुसते आणि मी रबरबँड ओढत बसतो. तुम्ही म्हणाल, अरे वेड्या, ती एकाच्या दोन करणारी वायर आण ना! गेलो होतो हो. सकाळी दुकान उघडायच्या आत जाऊन उभा राहिलो. दुकानदार म्हणाला, "ती? ती दुसऱ्या दिवशीच गेली, साहेब. अशी वस्तू आता बनत नाही."

मग काय... काल न राहवून विचारलं त्यांना, "बाबा, निदान सांगा तरी, कसं येतंय ऐकायला?" सासऱ्यांनी हेडफोन जरासा बाजूला केला, समाधानाने हसले आणि म्हणाले, "सुरेख, जावईबापू, फारच सुरेख. चुकलंय. पहिल्यापासून."