डबीत राहिलेलं नाव

न्हाई, लॅपटॉप उघडू नको ओंकार, आदी माझं ऐक. हुबळीच्या हापिसातनं फीडबॅक घ्यायला आलायस न्हवं, मग घे की — तुझी ही बोलणारी डबी मी काल गोठ्याच्या खांबावरनं उपटली आणि शेणाच्या पाटीत घातली. धुतलीय, हात लाव, कायबी होत न्हाई. तूच ठोकून गेलतास न्हवं — घरात कोण पडलं-झडलं तर नुसतं बोला, एआय फोन लावतंय म्हणून? एआय म्हणं. आमच्या म्हशीला जास्त कळतंय.

काय झालं? सांगतो की. मी कलघटगीच्या बाजारात, आणि ही — बायको रे माझी, सरस्वती, आणि कोण — गोठ्यात घसरली. पाय मोडला. आजूबाजूची सगळी रानात. डबी इचारती, कोणाला फोन लावू? ही म्हणती, ह्यांना. डबी म्हणती, असा नंबर न्हाई. ही म्हणती, अगं घरधन्यांना. न्हाई. मुकुलच्या अप्पांना — तर ती लावती मुकुलला, आणि आमचं पोरगं बेलूरच्या फॅक्टरीत, फोन गेटावर जमा. हसतोस काय? तुझं लगीन झाल्यावर हस. आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत न्हाई, घेतलं तर नवऱ्याचं आयुष्य कमी होतंय. लग्नात सगळ्या बायका दार अडवून बसल्या, नाव घे, नाव घे — उखाण्यात सुदा घेतलं न्हाई बाईनं. जेवणं खोळंबली, पाव्हणे शिव्या द्याला लागले, ही खांबासारखी उभी.

त्या दिवशी घेतलं. यल्लाप्पा म्हणाली. माझा फोन वाजला, मी पळत आलो. होय, वाचली तुझ्या डबीनंच, मी कुठं न्हाई म्हणालोय? पन फुडचं ऐक की. दवाखान्यातनं आल्यापासनं अन्न सोडलंय तिनं, नुसतं ताक पिती. म्हणती, नाव त्या डबीत हाय तवर ती म्हणतच राहणार, आणि तुमचं आयुष्य खातच राहणार. मी वरडलो, ताट भिरकावलं — परत वाढून बी नेलं, ते सोड. शिवत न्हाई. बरं झालं आलास. पूस ते.

काय? डबीत न्हाई? बेंगळूरला? तिथं तेच परत परत ऐकवून मशीन शिकवताय? आरं भाड्या, माझ्या बायकोनं जल्मात एकदा घेतलं, आणि तुम्ही तिला रोज घ्याला लावताय? सुम्म बस, मधी बोलू नको. इथनं पुसता येतंय का न्हाई ते सांग. येतंय? मग उघड लॅपटॉप, दाब की बटण, उपकार करतोस व्हय.

थांब.

ऐकू येतंय का त्यात? न्हाई, सहज इचारतो. मी फोन उचलला तवा नुसती डबी बोलली — घरी या, घरी या. तिचं म्हणणं मला कुठं ऐकू आलं? बारीक आवाजात लाव, ती आत जागी हाय. हं.

परत लाव.

असं म्हणती व्हय.

बास, बास. पुसू नको. माझं आयुष्य माझं मी बघून घेतो. आत जा, अक्का म्हणून हाक मार आणि सांग पुसलं म्हणून — तोंड सरळ ठिवून सांग, आणि भाकरी खाल्ल्याबिगर तिच्यासमोरनं उठू नको. मग हितं येऊन माझ्या तोंडाकडं बघत बसायचं न्हाई. मागचं दार हाय, तिकडनं जा.