पडद्यावरची दुसरी ओळ

—नाही नाही, तिकडे बघू नका, मास्तर, इकडे बघा. तिकडे बघितलं की ते हसतात, आणि ते हसले की माझ्यासमोरचा माणूस उठून तिकडे जातो, हे गेली अठरा वर्षं चाललंय. हसणारच छान, दातांचे डॉक्टर आहेत ते, स्वतःचे दात म्हणजे त्यांची जाहिरातच. तुम्ही बसा. खुर्ची जरा डुगडुगते, भिंतीकडे सरकवा — हां. तर चित्रकला शिकवता म्हणालात, लॅपटॉप सात वर्षांचा, सुरू व्हायला अर्धा तास घेतो. अर्धा तास! तेवढ्यात मुलांचा अख्खा डोंगर रंगवून होत असेल. काही काळजी करू नका, यंत्र चांगलं आहे, वरचं ओझं जास्त झालंय. आपण ते ओझं उतरवू आणि लिनक्स घालू — म्हणजे काय, तर यंत्र चालवणारी जी मूळ प्रणाली असते ना, तीच, पण मोकळी. कुणीही घ्यावी, उघडून आत बघावं, बदलावी, शेजाऱ्याला द्यावी. कुणाची परवानगी नको. म्हणून तर आम्ही महिन्यातून एक रविवार वाचनालयाच्या या हॉलमध्ये येऊन बसतो, दहा ते एक, फुकट. आधी तुमच्या फायली या डिस्कवर काढून घेते. — किती चित्रं आहेत ही! पाऊण तास लागेल. लागू दे.

मग दोन टेबलं कशाला? चांगला प्रश्न. सगळे हाच विचारतात. लिनक्स एकच, पण त्याच्या तऱ्हा शंभर, आणि प्रत्येक तऱ्हेवर जीव टाकणारी माणसं वेगळी. आमच्या गावात दोन. आम्ही पक्के आणि ते ताजे. आमच्यात नवं काही आलं की आम्ही ते वर्ष-दीड वर्ष तपासतो, वाजवून बघतो, आणि मगच लोकांच्या हातात देतो. त्यांच्यात सकाळी कुणीतरी काहीतरी लिहितं आणि दुपारी ते यांच्या यंत्रात असतं. त्यांना विचारलंत तर ते म्हणतील, आमचं पक्कं म्हणजे शिळं. म्हणू देत. मी त्यांना एकदा भर सभेत विचारलं होतं, डॉक्टर, तुम्ही पेशंटला भूलही अशीच देता का, आज सकाळी आलेली? हॉल हसला. तेही हसले. हाच तर त्यांचा वैताग आहे, चिडत नाहीत. माणसाशी भांडायचं तर त्यानं थोडं चिडायला नको?

मी? मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये. चौतीस वर्षं, कानाला हेडफोन, तोंडाला माइक. बोलण्याचाच पगार घेतला म्हणा. एक्स्चेंजमध्ये संगणक आले तेव्हा बाकीच्या बायका घाबरल्या, मी आत हात घातला, तो अजून बाहेर काढलेला नाही. आणि आमचे हे होते छापखान्यात. मशिनवर. अडतीस वर्षं ते मशिन — धडाड धडाड — पण त्याचं नंतर सांगते. नाहीतर नको, ते काही तुमच्या कामाचं नाही. किती झालं? आठ टक्के. बरं.

माझा लॅपटॉप एकदा बंद करून सुरू करते हं, प्रणाली घालायचा पेनड्राइव्ह ओळखत नाहीये नीट — नाही, आमच्या प्रणालीचा दोष नाही, खाच सैल असते कधी कधी — हं, आला. — बघितलंत? काही नाही, ते सुरू होताना दोन ओळी येतात, त्यातली पहिली आपोआप — बघितलंत ना तुम्ही. चित्रकलेचे मास्तर, नजर कुठे चुकणार! हो. दुसरी ओळ त्यांची आहे. ताज्यांची. माझ्या लॅपटॉपवर. हळू बोला जरा, ऐकतील ते.

माझा म्हणजे ह्यांचा आहे हा लॅपटॉप. हे गेले, त्याला आता दीड वर्ष होईल. — नाही, असू द्या, तुम्हाला काय ठाऊक. — निवृत्त झाल्यावर मीच घेऊन दिला होता, मीच आमची प्रणाली घातली, मीच शिकवलं, पत्ते खेळा, बातम्या वाचा. आणि माणूस रमला की! जेवायचं टेबल, त्यावर हा उघडा, समोर हे, आणि मी भाजी चिरता चिरता, ओटा पुसता पुसता बोलतेय. सबंध सकाळ. मी बोलायची आणि हे पडद्याकडे बघत मान डोलवायचे. मला इतका राग यायचा! अहो, मी माणूस बोलतेय इथे, त्या पत्त्यांत काय आहे एवढं? ऐकताय का? तर हे म्हणायचे, ऐकतोय ना, आणि काय बोलले ते शब्दन् शब्द सांगून दाखवायचे. शब्दन् शब्द! मी गार. म्हटलं, या माणसाचे कान इतके तिखट आणि स्मरणशक्ती अशी, छापखान्यात उगाच आयुष्य घालवलं.

आणि दर गुरुवारी दातांच्या डॉक्टरांकडे. या, याच. गावात दुसरे काय दातांचे डॉक्टर नाहीत? पण नाही, हेच बरे, म्हणे हात हलका आहे. आता मला सांगा, मास्तर, ज्या माणसाच्या तोंडात एकही खरा दात नाही, वरची कवळी, खालची कवळी, तो दर गुरुवारी तिथे काय करतो? विचारलं तर म्हणे, बोचते. दोन वर्षं बोचते? लॅपटॉपची पिशवी खांद्याला लावून जायचे, म्हणे तिथे थांबावं लागतं, वेळ जात नाही. आणि मी शहाणी, लोकांच्या यंत्रातला बारीकसा दोष आवाजावरून ओळखते म्हणून मिरवणारी — मला काही म्हणजे काही शंका आली नाही.

कळलं कसं? डिस्कवरून. हे गेल्यावर तीन-चार महिने मी याला हात लावला नाही. मग एकदा वाटलं, वाचनालयाला देऊन टाकावा, मुलं वापरतील. साफ करायला घेतला, तर डिस्क पाचशे जीबीची आणि दाखवतेय अडीचशेच. अर्धी गायब. म्हटलं, खराब झाली असेल, तपासायला घेतलं, तर खराब कसली — पलीकडच्या अर्ध्यात आख्खं दुसरं बिऱ्हाड! त्यांची प्रणाली. ताज्यांची. माझ्या घरात, माझ्या जेवायच्या टेबलावर, मला पत्ता नाही. सुरू करताना ती दुसरी ओळ दिसू नये अशी सोय केलेली होती, एक कळ दाबून धरली तरच यायची. मी असं तडक उठले, मास्तर, चपला घातल्या, यांच्या दवाखान्यात जाऊन भर पेशंटांत यांची हजेरी घ्यायची म्हणून. दारापर्यंत गेले. मग म्हटलं, आधी आत काय आहे ते तरी बघू.

पासवर्डही नव्हता. चोरून ठेवायचं आणि कुलूप लावायचं नाही, अशी ह्यांची चोरी. आत पत्ते नाहीत, काही नाही, एकच प्रोग्राम आणि एक फोल्डर. प्रोग्राम कसला — आपण बोलायचं आणि तो बोललेलं अक्षरांत लिहून दाखवतो, लगेच, पडद्यावर. — हो, तेच. ऐकू येत नव्हतं ह्यांना. त्या मशिननं कान खाल्ले होते, डावा पुरता, उजवा बराचसा. मला सांगितलं नाही. आणि मी चौतीस वर्षं दुसऱ्यांचे आवाज ऐकून लाइन कुठे खराब आहे ते ओळखणारी बाई, मला माझ्या टेबलावर कळलं नाही. मी बोलत होते आणि हे मला वाचत होते.

आमच्या प्रणालीवर तो प्रोग्राम चालत नव्हता तेव्हा. जुना होता तो चालायचा, पण त्याला आपली भाषा येत नव्हती. नवा पाहिजे, तर ताज्यांकडे. मला विचारलं असतं तर — काय केलं असतं मी? तेच म्हणतेय. मी म्हटलं असतं, थांबा वर्षभर, तपासून येईल, पक्कं येईल. आणि त्या दोन वर्षांत एक वर्ष म्हणजे केवढं, हे मला तेव्हा कुठे ठाऊक होतं?

फोल्डरमध्ये चारशे बारा फायली. तारीखवार. बहुतेक सगळं मीच. दूध उतू गेलं, भाचीच्या लग्नात काय देणार, वरच्या मजल्याच्या नळाचं पाणी, आणि निम्म्याहून जास्त — या डॉक्टरांना शिव्या. म्हणजे शिव्या नव्हेत, पण जे काय मी बोलायची ते. हे असे हसतात, ते तसे वागतात, लोकांची यंत्रं बिघडवतात. प्रोग्रामच्या चुका काय एकेक! माझ्या 'प्रणाली'चं सगळीकडे 'प्रणिता' करून ठेवलंय. 'त्यांची प्रणिता आज पुन्हा बंद पडली.' 'माझी प्रणिता कशी पक्की आहे.' वाचून वाटावं, दोन घरांच्या सुनांची भांडणं आहेत. मी एकटीच टेबलावर डोकं ठेवून हसले. एक मात्र त्याला कधी चुकलं नाही, 'ऐकताय का'. पानोपानी. तेवढं अगदी पाठ झालं होतं त्याला.

मग लक्षात आलं, पुढे पुढे चुका कमी होत गेल्यात. कुणीतरी एकेक शब्द हातानं नीट केलेत. छापखान्यातला माणूस, चुकीचं अक्षर बघवायचं नाही ह्यांना. आणि दर गुरुवारी ते नीट केलेले शब्द घेऊन डॉक्टरांकडे जायचे, आणि डॉक्टर ते त्या प्रोग्रामला शिकवायचे, म्हणजे पुढच्या वेळी चुकू नये. पेशंट संपले की दोघं खुर्चीवर बसून माझं बोलणं दुरुस्त करत होते. मी डॉक्टरांबद्दल बोललेलं, आणि दुरुस्त करणार डॉक्टरच! आणि रविवारी इथे आले की मला म्हणायचे, कशा आहात. तेच हसू.

गेले ना मी मग. गेलेच. दवाखाना बंद व्हायच्या वेळेला, शेवटचा पेशंट गेल्यावर. रागानं? होते रागावलेली. नव्हते. काय माहीत. म्हटलं, डॉक्टर, तुम्ही सगळं वाचलंत? ते हात धूत होते. पाठमोरेच म्हणाले, "मी फक्त चुका वाचल्या, वहिनी." मी म्हटलं, आणि मला एका शब्दानं सांगितलं नाहीत? तर म्हणाले, "त्यांनी शपथ घातली होती. म्हणायचे, ती जे बोलते त्यातलं निम्मं सोडून द्यायचं असतं, पण कुठलं निम्मं, ते सगळं कळल्याशिवाय कसं ठरवू?" असं म्हणाले हे. माझ्याबद्दल. — हसा, हसा, मीही हसले. मग खुर्चीवर बसले, ती दातांची नसते का, आडवी होणारी, त्यावर, कारण दुसरी नव्हतीच, आणि ते मला रुमाल द्यायच्याऐवजी तो कागदी बिब देत होते, पेशंटच्या गळ्यात बांधतात तो.

पण एक सांगू? हे कुणाला बोलले नाहीये मी. कान गेले ते गेले, मशिननं गेले, त्याला कोण काय करणार. मला टोचतं ते वेगळंच. मी इथे बसून प्रत्येकाला सांगते, मोकळीक, मोकळीक, ज्याला जे हवं ते त्यानं घ्यावं, कुणाची परवानगी लागत नाही. भाषणं दिली आहेत मी यावर, मास्तर, शाळांमधून. आणि माझ्या घरातल्या माणसाला एक प्रोग्राम हवा होता, तो त्यानं चोरून घेतला. कवळी बोचते म्हणून सांगून. म्हणजे मी कसली वकिली करत होते? — नाही, तुम्ही काही म्हणू नका. समजूत घालणारे पुष्कळ आहेत.

ती बाजू काढली नाही मी, लपवलेली ओळही उघडी करून ठेवली. उलट सांभाळते. रोज सकाळी तिच्यातलं नवं काय ते घालते, नाहीतर आठवड्यात कुरकुरायला लागते ती — बघा, म्हणून मी म्हणते ताजं नको. अडलं तर त्यांच्या चर्चेच्या पानावर जाऊन विचारते. माझ्या नावानं कसं विचारणार? 'नवशिकी' म्हणून. कुणी ना कुणी उत्तर देतं. कुणी ना कुणी म्हणजे हेच देतात, दहा मिनिटांत, अगदी पायरी पायरीनं, लहान मुलाला सांगावं तसं. परवा शेवटी लिहिलं होतं, 'चष्मा लावून करा, मागच्या वेळी एक अक्षर चुकलं होतं.' नवशिकीला चष्मा आहे हे त्यांना कुणी सांगितलं? मी उत्तर दिलं नाही. कळलं नाही असं दाखवलं. दोघंही दाखवतो.

झालं बघा, शंभर टक्के. तुमची चित्रं सुखरूप. आता आपली प्रणाली घालू. हे काय काढलंत पिशवीतून? चित्र काढायची पाटी? पेनानं यावर काढायचं आणि पडद्यावर उमटतं? वा! नवीन दिसतेय. मागच्या महिन्यात घेतलीत? थांबा, मागचा नंबर वाचू द्या. हं. हंऽ. — मुलांना यावरच शिकवायचंय म्हणता. जूनपासून.

मास्तर, आमच्यात ही चालायची नाही. चालेल, पुढच्या वर्षी चालेल, छान चालेल, तपासून — नाही. जूनला नाही चालायची. त्यांच्याकडे आज चालेल. उठा. अहो उठा, मी रागावलेली नाहीये. ही तुमची डिस्क, ही वायर, पाटी पिशवीत नीट ठेवा, कोपरा आपटेल. काय म्हणता, माझा वेळ गेला? माझा कसला वेळ, बोलतच होते मी. जा, बघा, हसायला लागलेत ते तिकडून, तुम्ही उठलात तेवढं दिसलं त्यांना. आणि विचारलं त्यांनी, कुणी पाठवलं, तर खरं सांगा.

जा आता. मागे माणसं खोळंबलीयत.